पद्माचं अष्टशील

वक्तृत्वाची ढाल जिंकून आणली त्या दिवसापासून पद्माचे पाय जमिनीला लागायला तयार नव्हते. नववीची परीक्षा संपली होती, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, आणि बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरांत असं एकही घर उरलं नव्हतं जिथं तिनं ते भाषण म्हणून दाखवलं नव्हतं. आधी कशी होती ही मुलगी! पाहुणे आले की पडद्यामागे. वर्गात बाईंनी नाव घेतलं की घाम. आणि आता भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा हात वर करून, आवाज चढवून, मध्येच थांबून, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायची. भाजीवाला बिचारा घाबरून कोथिंबीर फुकट द्यायचा.

"वर्कशॉपचा भोंगा बंद पडला तरी काळजी नाही," तिचे पप्पा विश्राम शेजाऱ्यांना सांगायचे. "आमची पद्मा आहे ना!" म्हणायचे चेष्टेनं, पण छाती फुगलेली दिसायची.

भाषण होतं बाबासाहेब बडोद्याला आले त्याबद्दल. परदेशात शिकून आलेला एवढा मोठा माणूस इथं नोकरीवर रुजू झाला, तर कचेरीत त्याला प्यायला पाणी मिळेना आणि गावात राहायला जागा मिळेना. "एक पेला पाणी!" असं म्हणून पद्मा थांबायची. किती थांबायचं तेही तिनं आरशासमोर ठरवलं होतं. तेवढ्यात समोरच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. आणि हे दुःख काही उसनं आणलेलं नव्हतं. पद्माचं घर बौद्ध. तिचे आजोबा जळगावकडून रेल्वेत भरती होऊन बडोद्याला आले. गावाकडे असताना त्यांनाही कुणी उंचावरून ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी प्यावं लागलं होतं. म्हणजे भाषण खरं होतं. शब्दनशब्द खरं होतं. सगळी पंचाईत तिथंच झाली.

पद्मा दर रविवारी मैत्री मंडळाच्या कामाला जायची. मंडळ चालवायच्या मंदाकिनीताई, सगळ्यांच्या मंदाताई. दवाखान्यात नर्स, अंगानं किरकोळ, आवाज त्याहून बारीक, पण त्यांनी एकदा "हं?" म्हटलं की मोठमोठी माणसं सरळ बसायची. बडोद्याबाहेर बाजव्याला रिफायनरीत काम करणारे बाळकृष्णकाका मंडळाचे जुने सभासद. त्यांनी आपल्या घराची पडवी अभ्यासवर्गाला दिली होती. आजूबाजूच्या वस्त्यांतली मुलं तिथं जमायची. आधी त्रिशरण-पंचशील, मग गणित आणि इंग्रजी, मग गूळ-शेंगदाणे. इंग्रजी पद्माकडे होतं.

मंदाताईंचा एक नियम होता. मुलांना वर्गात बोलवायला कुणाच्या घरी गेलात की आधी पाणी मागायचं. ते विचारतील म्हणून थांबायचं नाही. कारण वाल्मीकी समाजाची माणसं, ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या झाडू आणि संडास आले, ती दुसऱ्या जातीच्या पाहुण्याला पाणी विचारतच नाहीत. एकदा विचारून तोंडावर "नको नको, आत्ताच पिऊन आलो" ऐकलेलं असतं. पुन्हा कोण आपलं तोंड पोळून घेईल? म्हणून आपण मागायचं, खाली बसून प्यायचं, आणि मगच कामाचं काढायचं.

"आधी पाणी, मग वाणी," मंदाताई म्हणायच्या.

हे वाक्य पद्माला फार आवडायचं. नव्या मुलींना ती ते त्याच बारीक आवाजात म्हणून दाखवायची. फक्त एक गंमत होती. मंदाताई वस्तीत कुणाकडे पाणी पीत बसायच्या तेव्हा पद्मा नेमकी अंगणात मुलं गोळा करत असायची. नेमकं असं का व्हायचं, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी मंडळानं मोठीच उडी घेतली. गोत्रीच्या पलीकडे एक घर भाड्यानं मिळालं, आणि जूनपासून तिथं मुलींचं वसतिगृह सुरू करायचं ठरलं. मंदाताईंच्या मनात पहिलं नाव होतं हंसाचं. हंसा बाजव्याच्या वाल्मीकी वस्तीतली, सहावी पास, डोक्यानं तल्लख. आणि पद्माची तर भक्तच. पद्मासारखी वेणी, पद्मासारखं हात उडवून बोलणं. "पद्माबेन, पद्माबेन" करत पाठीमागे. हंसाची आई रेवाबेन जवळच्या एका सोसायटीत झाडलोट करायची, बंगल्यांचे संडास धुवायची. कंबर धरली होती. जूनपासून अर्धे बंगले हंसानं सांभाळावेत असं घरात चाललं होतं. वसतिगृहाला रेवाबेनचा होकार आला नाही तर पोरीची शाळा सुटली, हे स्पष्टच होतं. एकदा हातात झाडू आला की तो सुटत नाही, हे रेवाबेनला मंदाताईंपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण पोरीला परक्या माणसांत ठेवायची तिला भीती वाटत होती.

त्या आठवड्यात मंदाताईंना दवाखान्यातून सुट्टी मिळेना. त्या म्हणाल्या, "पद्मा, तू जाऊन ये. हंसा तुझं ऐकते, तिची आईही ऐकेल."

"आलाच समजा होकार!" पद्मा म्हणाली.

"आणि गेल्या गेल्या पाणी माग."

"ताई! हे काय मला सांगायचं?"

पप्पांनी तिला स्कूटरवरून बाजव्याला आणलं. वस्तीच्या तोंडाशी सोडलं आणि म्हणाले, "मी बाळकृष्णाकडे बसतो. झालं की ये." आणि गेले.

मे महिन्याचं ऊन. पत्रे तापलेले. हंसा दारातच उभी होती, केस ओले करून चापून बसवलेले. घर एवढंसं, पण शेणानं सारवलेलं, फळीवर भांडी उलटी घालून झळाळत ठेवलेली. कोपऱ्यात मातीचा गोळा, म्हणजे आपला माठ, त्यावर ताटली. पद्मा खाटेवर बसली. घसा तर असा कोरडा पडला होता की जीभ टाळ्याला चिकटत होती. पाणी मागायचं तिच्या ओठांवर आलंच होतं.

तेवढ्यात रेवाबेन कामावरून आली. तिनं खराटा भिंतीला टेकवला, बाहेरच्या बादलीत हातपाय धुतले, पदराला हात पुसले. "आवी, बेन? बेस, बेस," म्हणाली. आणि पद्मानं त्या हातांकडे पाहिलं. चांगले स्वच्छ धुतलेले हात होते. तरी पद्माच्या डोळ्यांपुढे ते हात भलतीकडेच दिसायला लागले. तिला स्वतःचं आश्चर्य वाटलं. ओठांवरचं पाणी ओठांवरच राहिलं आणि तिनं एकदम भाषणच सुरू केलं. शिक्षण म्हणजे काय, वसतिगृह म्हणजे काय, मुलगी शिकली तर काय.

रेवाबेन खाली बसून ऐकत होती. पद्मा मागत नाही म्हणून ती विचारतही नव्हती. विचारलं हंसानं. विचारलं कसलं, आणलंच. नवाकोरा स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, ताटलीत ठेवून, जपून पावलं टाकत.

"पाणी पीशो, पद्माबेन?"

पद्माचा हात उठेना. हात तिचाच, पण कुणी खाटेला बांधून ठेवल्यासारखा. आणि मग तोंड, ते गेल्या महिन्यापासून फार हुशार झालेलं तोंड, आपोआप बोलून गेलं, "अगं, आज माझं अष्टशील आहे."

"म्हणजे?"

"व्रत. बुद्धधम्मातलं. दुपारनंतर काही घ्यायचं नसतं."

"पाणीये नहीं?" हंसाचे डोळे मोठे झाले.

"पाणी पण नाही."

आता अष्टशील म्हणजे काय ते बौद्ध घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पौर्णिमेला, अष्टमीला मोठी माणसं आठ शीलं घेतात, आणि त्यात दुपारी बारानंतर जेवत नाहीत. जेवत नाहीत! पाणी पितात. पाण्याला कुठं कुणी अडवलंय? पद्माची आत्या तर अष्टशीलाच्या दिवशी तांब्या उशाशी घेऊन बसायची. आणि त्या दिवशी ना पौर्णिमा होती, ना अष्टमी.

हंसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पद्माकडे देवीकडे बघावं तशी बघत होती. रेवाबेननं मात्र एकदाच पाहिलं. मग लेकीच्या हातातून पेला घेतला, स्वतःच्या तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत सगळं पाणी पिऊन टाकलं.

"भले, बेन," ती म्हणाली. "विचार करीने कहीश." विचार करून सांगते.

पद्मा बाळकृष्णकाकांच्या घरी पोचली ती थेट माठाशी. एक पेला, दुसरा पेला, गटागटा. काकू हसायला लागल्या. पप्पा म्हणाले, "अगं हळू! तिथं पाणी दिलं नाही वाटतं कुणी?"

"दिलं की," पद्मा म्हणाली. आणि हनुवटीवरचं पाणी पुसलं.

रविवार आला. पडवीत मुलं भरली होती. त्या दिवशी मंदाताईही होत्या. हंसा उशिरा आली. चेहरा उतरलेला, ओठांवर पापुद्रे. बसताना भिंतीला धरून बसली.

"काय गं, ताप आहे का?" मंदाताईंनी कपाळाला हात लावला. नर्सच त्या, लगेच डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. "पाणी कमी पडलंय. काकू, जरा मीठ-साखर घालून पाणी आणता?"

"नहीं, नहीं!" हंसा दचकून मागे सरली. "माझं अष्टशील आहे. दुपारपर्यंत प्यायले होते. काल पण दुपारनंतर नाही प्यायले."

"अष्टशील? तुला कुणी दिलं?"

"मी मनानंच घेतलं. पद्माबेननी घेतलं होतं ना, आमच्या घरी आल्या तेव्हा! एवढ्या उन्हात आल्या, तरी पाणी पण नाही प्यायल्या." मग ती सगळ्या मुलांकडे वळली आणि अगदी पद्मासारखा हात वर करून म्हणाली, "आपली पद्माबेन एवढी कडक छे! पाणी पण नाही!"

बाळकृष्णकाकांच्या मुलीनं मैत्रिणीला कोपर मारलं. दोघी बौद्ध घरातल्या. दोघींना माहीत. मग एकीनंतर एकीचे डोळे पद्माकडे वळले, आणि पद्मा हातातल्या खडूकडे बघत राहिली. धरणी दुभंगावी, असं म्हणतात ना, ती काही दुभंगत नाही. फरशी तशीच थंडगार, पायाखाली घट्ट.

"ताई," हंसानं विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

मंदाताईंनी पद्माकडे पाहिलंसुद्धा नाही. पेला हंसाच्या ओठांशी धरला. "तू लहान आहेस. लहान मुलांना पाणी प्यावंच लागतं, तसा नियम आहे. पी."

"आणि पद्माबेन?"

"मोठ्यांत कुणी कुणी करतात कडक," मंदाताई म्हणाल्या.

पद्माला वाटलं, सुटले. ते वाटणं तिच्या मनातून जाईपर्यंत वर्ग संपला. मुलं गूळ-शेंगदाणे घेऊन पांगली. मंदाताई सतरंजी घडी करत होत्या. पद्मानं दुसरं टोक धरलं.

"थँक यू, ताई," ती पुटपुटली.

"कशाबद्दल?" आवाज नेहमीसारखाच बारीक. "मी तुला नाही वाचवलं, पद्मा. तिला वाचवलं. आपल्या घरचं पाणी कुणी कशानं नाकारलं, हे त्या पोरीला चार मुलांसमोर कळायला नको होतं."

पद्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. मंदाताईंनी सतरंजी तिच्या हातातून काढून घेतली.

"रेवाबेननं निरोप पाठवलाय. नाही म्हणून. जूनपासून हंसा तिच्याबरोबर कामावर जाणार. काय म्हणाली माहीत आहे? 'त्या सोसायटीत कोण आम्हाला किती लांब ठेवतं ते मला घरागणिक पाठ आहे. तुमच्या वसतिगृहात काय, ते कुठून पाठ करू?'"

"मी जाऊन समजावते त्यांना. मी बोलते, ताई, मी—"

"तू बोलूच नकोस," मंदाताई म्हणाल्या. "बोलता येतं तुला, हे सगळ्यांना कळलंय."

बसमध्ये दोघी शेजारी बसून प्रतापनगरपर्यंत आल्या.

संध्याकाळी पद्माच्या क्वार्टरात आई पायरीवर उभी राहून झाडूवाल्या बाईला उरलेली पोळी देत होती. पोळी कागदावर, कागद पायरीच्या कडेला, आई दोन पावलं मागे. मग बाईनं पुढं येऊन उचलायचं. रोजचंच. पद्मानं ते जन्मभर पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं.

"हातात दे ना!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आई दचकली.

"काय झालं?"

"हातात का देत नाहीस? तूच शिकवलंस मला!"

"काय शिकवलं?" आईला काही कळेना. "कधी म्हटलं मी तुला, अमक्याला शिवू नकोस, तमक्याचं खाऊ नकोस? एकदा तरी म्हटलं? सांग!"

नव्हतं म्हटलं. खरंच कधी नव्हतं म्हटलं. पद्माला कुणावर तरी ढकलून मोकळं व्हायचं होतं, आणि ढकलायला जागाच नव्हती. झाडूवाली बाई पोळी उचलून, मायलेकींकडे एकदा बघून निघून गेली. तिच्यासमोर हे सगळं बोलणं झालं, हे पद्माच्या नंतर ध्यानात आलं, आणि तिचे कान पुन्हा तापले.

पप्पा मागे स्कूटर पुसत होते. पद्मा त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसली आणि सगळं सांगितलं. अष्टशील, हंसा, काकूंच्या घरचे दोन पेले, सगळं. पप्पांनी फडकं पिळलं. परत पिळलं. त्यात आता पाणी राहिलं नव्हतं.

"तुझ्या आजोबांना उंचावरून ओतायचे," ते म्हणाले.

"माहीत आहे. माझ्या भाषणात आहे."

"हं. आणि मी तुला वस्तीच्या तोंडाशी सोडलं. मंडळाचा इतक्या वर्षांचा सभासद मी. आत का आलो नाही, विचारलंस का मला?"

पद्मानं वर पाहिलं. पप्पा तिच्याकडे बघत नव्हते. स्कूटरच्या चाकाकडे बघत होते.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

"विचारू नकोस," पप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मा एकटीच बसनं बाजव्याला गेली. पप्पा स्कूटर काढत होते, तिनं नको म्हटलं. वस्तीत हंसाच्या घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, दोघी कामावर गेल्या. हंसा आजपासूनच जायला लागली, हात बसायला हवा ना.

पद्मा विचारत विचारत सोसायटीत पोचली. बोगनवेलीचे बंगले, झोपाळे, फाटकाफाटकावर स्वस्तिक. एका बंगल्याच्या मागच्या बोळात रेवाबेन वाकून गटाराची जाळी काढत होती, आणि हंसा बादली धरून उभी होती. वेणी वर बांधलेली. पद्माला बघून हंसाचा चेहरा आधी फुलला आणि मग एकदम तिनं बादली पाठीमागे घेतली. पद्माबेननं आपल्याला असं बघू नये म्हणून.

ते बादली लपवणं बघितलं आणि पद्माचं पाठ करून आणलेलं सगळं वाहून गेलं.

"रेवामासी," ती म्हणाली, "मी त्या दिवशी खोटं बोलले."

रेवाबेन वाकलेलीच होती. जाळी भिंतीला टेकवून सावकाश सरळ झाली, कमरेवर हात ठेवला. "मला माहीत आहे," ती गुजरातीत म्हणाली. "मला कशाला सांगतेस? मी काय पहिल्यांदा बघितलं? हिला सांग. ही तुझं नाव घेत उपाशी मरायला निघाली होती."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, "रेवा, किती वेळ?" रेवाबेननं वर न बघता "आवी, बेन," म्हटलं आणि तिथंच उभी राहिली.

पद्मा हंसाकडे वळली. घराघरांतून, स्टेजवरून, भाजीच्या गाडीसमोरून धो धो वाहणारी तिची वाणी, आता एक वाक्य जुळेना. मराठीत जुळेना, गुजरातीत जुळेना.

"अष्टशीलात पाणी चालतं," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांना चालतं. माझं अष्टशील नव्हतंच. मला तुमच्या घरचं पाणी प्यायचं नव्हतं. म्हणून तसं बोलले."

हंसा काही क्षण नुसती बघत राहिली. जणू पद्माबेन पुढं आणखी काही सांगेल, आणि मग याचा काहीतरी चांगला अर्थ निघेल. पद्माजवळ पुढं काही नव्हतं.

"अमारामांथी वास आवे छे?" हंसानं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं. आमचा वास येतो का?

"नाही! नाही गं."

"मग घर खराब होतं?"

"नाही. छान होतं."

"पेला मी राखेनं घासला होता. परत एकदा घासला होता."

"माहीत आहे मला."

"मग का?"

पद्मा रडायला लागली. रडू आलं याचीही तिला लाज वाटली, कारण रडणाऱ्याला लोक समजावतात, आणि इथं समजवायचं कुणी कुणाला? पण कुणी समजावलं नाही. हंसा उत्तराची वाट बघत उभी होती.

"मला नाही माहीत," पद्मा म्हणाली. "मला कुणी शिकवलं नाही. तरी माझ्यात आहे."

मग हंसाला राग आला. आधी नाक लाल झालं, मग हनुवटी थरथरली. "मी खरंखरं पाणी सोडलं होतं," ती म्हणाली. "मला चक्कर आली होती. आईनं मारलं मला, तरी नाही प्यायले. आणि तुमचं खोटंच होतं!" तिनं बादली खाली आदळली. गढूळ पाणी उडालं, दोघींच्या पायांवर.

"एई, हळू!" वरून आवाज आला.

रेवाबेननं पद्माला विचारलं, "तुमच्या त्या वसतिगृहात तुझ्यासारख्या किती असतील?"

नाही म्हणायचं पद्माच्या जिभेवर आलं. एकही नाही, मासी, तिथं सगळ्या समान. किती सोपं होतं! भाषणात ते वाक्य होतंच.

"असतील," ती म्हणाली. "तोंडानं चांगलं बोलतील आणि आतून असतील. मंदाताई तशा नाहीत. बाकी मला सांगता येत नाही."

रेवाबेन लेकीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून पद्माला काही कळलं नाही. बोलली ती हंसाच.

"मी जाईन," ती म्हणाली.

"आता तर कळलं तुला, तरी?" रेवाबेननं विचारलं.

"तरी जाईन. इथं काय वेगळं आहे?" तिनं मान वर करून आवाज आला त्या गच्चीकडे पाहिलं. "इथं बादली पण उचलायची. तिथं नुसतं शिकायचं." मग पद्माकडे बोट केलं. "पण हिच्याबरोबर नाही जाणार. मंदाताईंनी न्यायला यायचं."

"जा आता तू," रेवाबेन पद्माला म्हणाली, आणि परत गटारावर वाकली.

रेवाबेननं शेवटी होकार कळवला, आणि जूनमध्ये मंदाताई स्वतः जाऊन हंसाला घेऊन आल्या. वसतिगृहाच्या उद्घाटनाला भाषण पद्मानंच करायचं असं आधीपासून ठरलेलं होतं. ती मंदाताईंना म्हणाली, "मला जमणार नाही." मंदाताई म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या कुणीतरी केलं. पद्मा त्या वेळी स्वयंपाकघरात कांदे चिरत होती. तिथं कुणी रडण्याचं कारण विचारत नाही.

इंग्रजीचा वर्ग मात्र सुटला नाही. मंदाताईंनी सोडू दिला नाही. "लाज वाटते म्हणून काम सोडायचं, म्हणजे परत तुझीच सोय," एवढंच म्हणाल्या. म्हणून आता दर रविवारी पद्मा गोत्रीला, वसतिगृहात शिकवायला जाते. मुली गोल करून बसतात. हंसा तिच्या बरोबर समोर बसते, शेजारी कधीच नाही. वेणी आता वेगळी घालते. अभ्यासात सगळ्यांच्या पुढं. हात उडवून बोलत नाही. हात बांधून, नेमकं विचारते, आणि उत्तर चुकलं तर सोडत नाही.

परवा पद्मा फळ्यावर लिहिता लिहिता भूतकाळाच्या एका रूपाशी अडखळली. मागून आवाज आला, "पद्मा, ते चुकलं."

नवीन आलेली एक मुलगी हंसाला कुजबुजत म्हणाली, "अगं, बेन म्हण ना! मोठी आहे ती आपल्यापेक्षा."

"कशाला?" हंसा म्हणाली.

पद्मानं फळ्याकडे पाहिलं. खरंच चुकलं होतं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, पाठीवर सगळ्या मुलींचे डोळे होते. तिनं हातानं ते रूप पुसलं.

"बरोबर काय, तू सांग," ती म्हणाली.

हंसानं सांगितलं. पद्मानं लिहिलं.